तिसरा कप्पा

पीएचडी कशाला करतेस असं कुणी विचारलं की मी आजवर बरीच वेगवेगळी उत्तरं दिलीयत, शिकवायची आवड आहे, संशोधनाची ओढ आहे, नोकरीत तोचतोचपणा आला होता, आणि यातलं कुठलंच खोटं नव्हतं. पण खरं कारण एक चूक आहे आणि ती माझी आहे.

मी तेव्हा एका हॉस्पिटलच्या पेशंट रेकॉर्ड सिस्टिमवर काम करत होते. मोठ्या डेटाबेसमध्ये असतो तसा तिथेही डुप्लिकेट नोंदींचा गोंधळ होता, एकच माणूस तीनदा येऊन गेला तर तीनदा रजिस्टर झालेला, एकदा नाव आधी, एकदा आडनाव आधी, एकदा स्पेलिंगच वेगळं. या सगळ्या नोंदी शोधून मर्ज करायचं काम माझ्याकडे आलं. मी नियम लिहिला: आडनाव तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच आणि पहिल्या नावात एखाद्या अक्षराचा फरक असेल तर माणूस एकच. रात्री स्क्रिप्ट चालवली, सकाळी हजारो नोंदी कमी झाल्या होत्या, टीममध्ये कौतुक झालं, मलाही छान वाटलं.

तीन आठवड्यांनी तिकीट, म्हणजे सिस्टिममधल्या बिघाडाची तक्रार, आलं. दोन जुळ्या बहिणी, त्यांची खरी नावं मी कधीच कुठे लिहिणार नाही, सीमा आणि रीमा म्हणू. आडनाव एक, जन्मतारीख एक, घर एक, नावात एका अक्षराचा फरक. माझ्या नियमाने त्या दोघींची एक बाई केली होती. सीमाची औषधांची अ‍ॅलर्जी, रीमाचं ऑपरेशन, सगळं एका फाइलमध्ये. एका नर्सने सवयीप्रमाणे फाइल वाचून तोंडी विचारलं, तेव्हा समोरची म्हणाली की माझं तर कधी ऑपरेशनच झालेलं नाही, आणि नर्स तिथेच थांबली. कुणाला काही झालं नाही. पण त्या नर्सने विचारलं नसतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून पुढची कित्येक वर्षं गेला नाही, अजूनही पूर्ण गेलेला नाही.

नोंदी वेगळ्या करायला मला चार दिवस लागले. मर्ज करायला एक सेकंदही लागला नव्हता. एकत्र झाल्यावर कुठली ओळ कुणाची हे सिस्टिमला माहीतच नसतं, जुना बॅकअप काढून एकेक तारीख लावत बसावं लागतं. ते करताना मला सारखं वाटत होतं की माझा नियम चुकला हे तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी त्याला दोनच कप्पे दिले होते, एकच माणूस किंवा वेगळी माणसं. मला कळत नाही, जरा कुणीतरी बघा, असं म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती.

एवढ्यावरून कुणी पीएचडीला बसतं का, असं मला घरच्यांनी विचारलं होतं. मी बसले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून.

सुरुवातीला मी खूप मोठ्या लोकांचे थीसिस बघत बसायचे. हे करू नये खरं तर, पण सगळेच करतात. क्लॉड शॅननने १९३७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, मास्टर्सच्या थीसिसमध्येच दाखवून दिलं की स्विचिंग सर्किटची सगळी रचना बूलच्या, म्हणजे हो-नाहीच्या, बीजगणितात मांडता येते. इव्हान सदरलँडने १९६३ मध्ये पीएचडीसाठी असा प्रोग्रॅम केला की माणूस लाइट पेन घेऊन स्क्रीनवर थेट चित्र काढू शकेल. रॉय फील्डिंगच्या २००० सालच्या थीसिसमध्ये वेबवर प्रोग्रॅमांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची रेस्ट नावाची रचना मांडलीय, आणि आमच्या हॉस्पिटलच्या सिस्टिममधली निम्मी एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमांची आपसातली दारं, आम्ही त्याच नावाने ओळखायचो, ते एका विद्यार्थ्याच्या थीसिसमधून आलंय हे मला तोवर माहीतही नव्हतं. हे वाचून उभारी येते असं लोक म्हणतात, मला तर धडकीच भरायची.

मला खरा धीर दिला तो सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी. कॅथलिक जोगीण. १९६५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्समधली पीएचडी मिळवली, अमेरिकेत या विषयातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढे त्यांनी एका छोट्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सचा विभाग सुरू केला आणि वीस वर्षं तो चालवला. बास, त्यांचा एक फोटो मी टेबलासमोर लावला आणि बाकीच्यांचे थीसिस बंद करून ठेवले.

माझ्या विषयाला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात. हा शब्द हालबर्ट डन यांनी १९४६ मध्ये वापरला, ते अमेरिकेतल्या जन्म-मृत्यू नोंदींच्या राष्ट्रीय कार्यालयाचे प्रमुख होते. त्यांची कल्पना मला फार आवडते. प्रत्येक माणूस आयुष्यभर एक पुस्तक लिहीत असतो, जन्मापासून सुरू होऊन मृत्यूला संपणारं, आणि जन्माची नोंद, लग्नाची नोंद वगैरे ही त्याची पानं. पण ही पानं वेगवेगळ्या ऑफिसांत विखुरलेली असतात, ती गोळा करून एकत्र बांधायची म्हणजे रेकॉर्ड लिंकेज. हे वाचलं तेव्हा मला लगेच त्या दोघी बहिणी आठवल्या. मी दोन पुस्तकांची पानं एकाच पुठ्ठ्यात बांधली होती.

काम ऐकायला सोपं वाटतं आणि मग आकडे समोर येतात. दहा हजार नोंदी असतील तर प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून बघायची म्हटलं की जवळजवळ पाच कोटी जोड्या होतात. दहा लाख नोंदी असतील तर पन्नास हजार कोटी, सेकंदाला एक लाख जोड्या तपासल्या तरी जवळपास ५८ दिवस मशिन चालूच. म्हणून मग ब्लॉकिंग करतात, म्हणजे ज्यांचं जन्मसाल एक आहे किंवा आडनावाचा उच्चार सारखा आहे त्यांच्यातच तुलना करायची. उच्चारावरून गट पाडायची साउंडेक्स ही पद्धत तर १९१८ सालच्या पेटंटमधली, पहिलं अक्षर ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, कॉम्प्युटर यायच्या आधीची आणि अजून वापरात असलेली. ब्लॉकिंगमध्ये जे हातातून सुटतं ते कायमचं सुटतं, ती जोडी मॉडेलपर्यंत, म्हणजे एकच माणूस की वेगळी हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, कधी पोचतच नाही आणि तिची चूक कुठल्या रिपोर्टमध्येही येत नाही. यावर खूप लिहिता येईल पण तो माझ्या थीसिसचा धडा नाही, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या थीसिसचा आहे.

आणि अ‍ॅक्युरसीचा, म्हणजे किती टक्के उत्तरं बरोबर आली त्या आकड्याचा, सापळा. त्या पाच कोटी जोड्यांमध्ये खऱ्या डुप्लिकेट जोड्या समजा एक हजार आहेत. आता एखादं मॉडेल काहीही न बघता प्रत्येक जोडीला वेगळी माणसं असं म्हणत सुटलं तरी त्याची अ‍ॅक्युरसी ९९.९९८ टक्के येते. एकही डुप्लिकेट न पकडता. पहिल्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी अशीच ९९ पॉइंट काहीतरी अ‍ॅक्युरसी अभिमानाने दाखवली होती आणि माझ्या गाइड सरांनी एवढंच विचारलं होतं की काहीच न करणाऱ्याला किती मिळतात ते काढलंस का. नव्हतं काढलं. तेव्हापासून कुठलाही आकडा बघितला की आधी हाच प्रश्न डोक्यात येतो, पेपरमधला असो, ऑफिसच्या प्रेझेंटेशनमधला असो.

सहा महिने मी माझी कल्पना घेऊन फिरत होते. दोनाऐवजी तीन कप्पे, एकच, वेगळे आणि माहीत नाही. मला हे नवीन वाटत होतं, एका चुकीतून मला स्वतःला सुचलेलं. मग लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे विषयावरचं आधीचं संशोधन वाचायचं काम, करताना आयव्हन फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांचा १९६९ चा पेपर पूर्ण वाचला. त्याआधी त्याचा उल्लेख दहा ठिकाणी वाचला होता, पण उल्लेख वाचणं आणि पेपर वाचणं यात फरक असतो. त्या पेपरमध्ये तीन निर्णय आहेत. लिंक, नॉन-लिंक आणि मधला पॉसिबल लिंक, म्हणजे मशिनने ठरवायचं नाही, माणसाकडे द्यायचं. माझा तिसरा कप्पा माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे होता.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही, लॅपटॉप बंद केला आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, सर, माझा विषय गेला. सर म्हणाले, गेला नाही, आत्ता सापडला, आता सांग की पन्नास वर्षांपूर्वी तिसरा कप्पा होता तर तुझ्या नियमात तो का नव्हता? मी म्हटलं, मला माहीत नव्हतं म्हणून. सर म्हणाले, तुला माहीत नव्हतं हे झालं, पण तू जी तयार कोडची लायब्ररी वापरलीस ती बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं का?

या प्रश्नावर मी दोन महिने घालवले आणि ते या सगळ्या वर्षांतले सगळ्यात चांगले दोन महिने होते. फेलेगी आणि सन्टर यांची पद्धत अशी की प्रत्येक रकान्याच्या जुळण्याला वजन असतं. लिंग जुळलं तर त्याला फार किंमत नाही, ते साधारण निम्म्या वेळा योगायोगानेच जुळतं, जन्ममहिना बारातून एकदा, आणि दुर्मीळ आडनाव जुळलं तर त्याचं वजन खूप. हा दुर्मीळ आडनावाचा मुद्दा त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, हॉवर्ड न्यूकम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता, ते कॅनडात जन्म आणि लग्नाच्या नोंदी कॉम्प्युटरवर जोडत होते. ही सगळी वजनं मिळवायची, बेरीज वरच्या रेषेच्या वर गेली तर एकच माणूस, खालच्या रेषेच्या खाली गेली तर वेगळी माणसं, मधे राहिली तर माणसाने बघायचं. किती सुंदर आहे हे! मला अजून वाटतं.

पण बेरीज करताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की रकाने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. आणि जुळ्यांमध्ये नेमकं हेच मोडतं. आडनाव जुळलं, पत्ता जुळला, जन्मतारीख जुळली, बेरीज वाढत गेली, मशिनला वाटलं तीन साक्षीदार आले. पण तिघांनी एकाच ठिकाणी ऐकलेली गोष्ट सांगितली होती, की दोघी एका घरात एका दिवशी जन्मल्या. साक्ष एकच, मोजली तीनदा. मी हे वहीत लिहिलं आणि कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. चार-पाच वर्षं जी गोष्ट मी माझा निष्काळजीपणा म्हणून मनात ठेवली होती ती एका गृहीतकाच्या रूपात समोर कागदावर होती, तिला नाव होतं, ती तपासता येत होती. निष्काळजीपणा होताच, तो मी नाकारत नाही. पण त्या दिवसापासून माझी झोप सुधारली हे खरं आहे.

आता आजच्या पद्धतींकडे येते. न्यूरल नेटवर्कवाली, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणारी, मॉडेल्स जोडी घेतात आणि शेवटी एक आकडा देतात, ०.९७ वगैरे, आणि आपण त्याला विश्वास म्हणतो. पण ०.९७ म्हणजे काय? हवामान खात्याने शंभर दिवस सत्तर टक्के पावसाची शक्यता सांगितली आणि त्यातल्या साधारण सत्तर दिवशी पाऊस पडला तर तो आकडा प्रामाणिक, याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि अशा अंदाजांना मार्क कसे द्यायचे याचं गणित ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलं. २०१७ च्या एका गाजलेल्या पेपरने दाखवलं की आधुनिक न्यूरल नेटवर्क अचूक असतात पण त्यांचा आत्मविश्वास त्यांच्या अचूकपणापेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या आकड्याच्या भरवशावर मधला कप्पा भरायचा तो आकडाच फुगलेला, मग मधे काही उरतच नाही, सगळं इकडे नाहीतर तिकडे. सरांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे होतं. तिसरा कप्पा कुणी विसरलं नव्हतं. तो रिकामा पडत होता.

हे सगळं आता मी असं सरळ सांगतेय, तेव्हा सरळ नव्हतं. हे माझ्या हाती लागलं ते दुसऱ्या एका चुकीतून, आणि ती मला सांगावीशी वाटते कारण अशा चुका थीसिसमध्ये छापल्या जात नाहीत.

तिसऱ्या वर्षी माझ्या मॉडेलचे रिझल्ट फार चांगले आले. जुन्या पद्धतींपेक्षा बरेच वर, आणि कॅलिब्रेशनही छान, मॉडेल जितका विश्वास दाखवत होतं तितकंच बरोबर येत होतं. पेपर लिहिला, कॉन्फरन्सला पाठवला, घरी सगळ्यांना सांगितलं. मग साधारण महिन्याभराने, दुसऱ्याच कुठल्या तक्त्यासाठी, मी ट्रेनिंगच्या, म्हणजे मॉडेलला शिकवायच्या, आणि टेस्टच्या, म्हणजे त्याची परीक्षा घ्यायच्या, नोंदी शेजारीशेजारी ठेवून बघत होते आणि एक ओळ ओळखीची वाटली. मी जोड्या दोन भागांत वाटल्या होत्या, माणसं वाटली नव्हती. एका माणसाच्या चार नोंदी असतील तर त्यांच्या सहा जोड्या होतात, त्यातल्या चार ट्रेनिंगमध्ये आणि दोन टेस्टमध्ये गेल्या असतील तर मॉडेलने तो माणूस आधीच पाहिलेला असतो. त्याला कोडं सोडवावंच लागत नाही, उत्तर आठवलं की झालं. याला डेटा लीकेज, म्हणजे गळती, म्हणतात, प्रत्येक पुस्तकात असतं, मी स्वतः ज्युनिअर मुलांना समजावलेलं होतं.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. मला आठवतंय मी तो प्रोग्रॅम तीनदा चालवला, उगाच, उत्तर बदलेल म्हणून. मग माणसांप्रमाणे वाटणी करून पुन्हा ट्रेनिंग सुरू केलं आणि झोपायला गेले, झोप अर्थातच आली नाही. सकाळी स्कोअर जुन्या पद्धतींच्या जवळ येऊन बसला होता. जी काही झेप होती ती निघून गेली होती.

कुणाला कळलं नसतं. हे मी लिहितेय कारण हा विचार माझ्या मनात आला होता, पूर्ण वाक्याच्या रूपात आला होता. पेपर तपासणारे रिव्ह्यूअर कोड चालवून बघत नाहीत, निदान तेव्हा त्या कॉन्फरन्सला तशी सक्ती नव्हती, आणि पेपर स्वीकारला गेला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं. मी त्या विचारासोबत सकाळचे दोन तास काढले. मग सीमा आणि रीमाची फाइल आठवली. माझ्या त्या पेपरवर विश्वास ठेवून कुणीतरी कुठल्यातरी हॉस्पिटलमध्ये माझं मॉडेल लावेल, आणि तिथे सगळी माणसं मॉडेलसाठी नवीनच असतील.

सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आज मागे घे, उद्यावर टाकू नकोस. कॉन्फरन्सला मेल लिहिला, चार ओळींचा, कारण स्पष्ट लिहून. आभाराचं उत्तर आलं. मग सर म्हणाले, आता नवीन रिझल्टमध्ये विश्वासाचे आकडे बघ. मी म्हटलं, सर, स्कोअर पडलाय तर ते बघून काय करू. ते म्हणाले, बघ तर.

आणि तिथे ते होतं. मॉडेल आता बऱ्याच जोड्या चुकत होतं, पण विश्वास जवळजवळ पूर्वीइतकाच दाखवत होतं. अनोळखी माणसं समोर आली तरी ०.९८, ०.९९. आधीच्या रिझल्टमध्ये कॅलिब्रेशन छान दिसत होतं कारण ते ओळखीच्या माणसांवर मोजलं होतं. थीसिसचा चौथा धडा या एका आलेखावर उभा आहे, दोन रेषा, एक गळतीवाली, एक स्वच्छ. मला वाटतं आयटीत डॉक्टरेट करणाऱ्या माणसाच्या हातात खरं तर एवढंच असतं, नवीन मॉडेल मोठ्या कंपन्या आपल्यापेक्षा लवकर बनवतात, पण आपल्याला एका आकड्यापाशी सहा महिने थांबायची परवानगी असते. नोकरीत मला असं थांबायला कधीच मिळालं नव्हतं. तिथे तिकीट बंद झालं की पुढचं तिकीट.

मधल्या काळात आमचं क्षेत्र सगळं हललं ते वेगळंच. मी सुरू केलं तेव्हा भाषेची प्रीट्रेन्ड, म्हणजे आधीच भरपूर मजकुरावर शिकवून ठेवलेली, मॉडेल्स नोंदी जुळवायला नुकती वापरली जाऊ लागली होती, आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं. ओळखीतले दोघं विषय बदलून मोकळे झाले, एकाने सोडूनच दिलं. मीही घाबरले होते. दोन नोंदी एका मोठ्या मॉडेलसमोर टाकल्या आणि विचारलं, हा एकच माणूस आहे का, तर त्याने इतकं सुंदर कारण देऊन उत्तर दिलं की माझा थीसिस आता कुणाला लागणार असं वाटलं. मग मी त्याला माझ्या बनवलेल्या जुळ्यांच्या जोड्या दिल्या, कुठलीच खरी नाही, सगळ्या कृत्रिम, पण मला उत्तरं माहीत असलेल्या. बऱ्याच जोड्यांवर त्याने बरोबर सांगितलं की ही जुळी असू शकतात. काहींवर तितक्याच ठामपणे, तितक्याच सुंदर कारणासकट, चुकीचं सांगितलं. त्याला किती खात्री आहे विचारलं की दोन्हीकडे साधारण सारखाच आकडा. मग मी घाबरायचं थांबवलं आणि पाचवा धडा लिहायला घेतला.

पार्ट टाइम पीएचडीच्या हालअपेष्टांबद्दल लोक खूप लिहितात, माझ्याकडे त्यात भर घालण्यासारखं फार नाही. रविवार गेले. दोन लग्नं चुकली. एक रिव्ह्यू असा आला की त्यातलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे आणि ते मी कुणाला सांगणार नाही. एवढं मात्र म्हणेन की गाइड निवडताना लोक त्यांचे पेपर मोजतात, त्याऐवजी एकदा त्यांच्याशी आपल्या एखाद्या फसलेल्या प्रयोगाबद्दल बोलून बघावं. ते चूक कुणाची विचारतात की चुकीत काय दिसलं विचारतात, त्यावर पुढची पाच-सहा वर्षं कशी जाणार ते ठरतं.

सध्या शेवटचा धडा चालू आहे. त्यात खऱ्या नोंदी आहेत, रीतसर परवानगी घेऊन मिळालेल्या, ज्या एका बंद खोलीतल्या मशिनवरच बघता येतात, आत जाताना फोन बाहेर ठेवायचा, कागद आत न्यायचा नाही, बाहेर फक्त आकडे आणता येतात आणि तेही कुणीतरी तपासून. इथल्या जोड्यांची उत्तरं कुठेच लिहिलेली नाहीत. आम्ही तिघांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक जोडीला लेबल दिलं, मग दोघादोघांची जोडी घेऊन किती जुळतं ते मोजलं, त्यासाठी जेकब कोहेन यांचं १९६० चं कापा नावाचं माप आहे, योगायोगाने जुळलेलं वजा करून उरलेलं सांगतं. आमचा कापा मला वाटलं होतं तितका आला नाही. तीन शिकलेली माणसं, हातात भरपूर वेळ, तरी बऱ्याच जोड्यांवर आमचं एकमत नाही. सुरुवातीला मला वाटायचं की या जोड्या काढून टाकाव्यात, डेटा स्वच्छ होईल. बरेच जण तसंच करतात. मी त्या सगळ्या ठेवल्यात आणि मॉडेलला त्यांच्यावरच सगळ्यात जास्त मार्क लावलेत. आम्ही तिघं जिथे अडखळलो तिथे त्यानेही अडखळायला हवं.

परवा त्या खोलीत मी अशा जोड्या बघत होते ज्यांना मॉडेलने बेधडक एकच माणूस म्हटलंय आणि आमच्या तिघांत मात्र मतभेद आहेत. एकेक उघडायची, सगळे रकाने वाचायचे, पुढे जायचं. संध्याकाळी खोली बंद व्हायच्या थोडं आधी एक आली. जन्मतारीख तीच, पत्ता तोच, पहिल्या नावात एका अक्षराचा फरक. एका नोंदीत फोन नंबर आहे, दुसरीत तो रकाना रिकामा. पहिली नोंद दुसरीच्या अकरा दिवस आधीची. एका बाजूने बघितलं तर टायपिंगची चूक, कुणीतरी घाईत एक अक्षर चुकवलं आणि नंबर विचारायचा राहून गेला. दुसऱ्या बाजूने बघितलं तर दोघी. मॉडेलने ०.९९ दिलेत. आमच्यातल्या एकाने एकच म्हटलंय, दुसऱ्याने वेगळे, आणि तिसरं लेबल माझं आहे, आठ महिन्यांपूर्वीचं, मी तेव्हा तिथे काय लिहिलं होतं ते बघायच्या आधी मी ते झाकून ठेवलं आणि दोन्ही नोंदी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

खोली बंद करायची वेळ झाली म्हणून बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. मी म्हटलं, अजून पाच मिनिटं द्या.